नऊ ग्रॅमने जड झालेला उल्कापाषाण

काचेला नाक लावून बघताय ना? बघा, खुशाल बघा, पण हात मागे ठेवा. मी उल्कापाषाण आहे, आभाळातून पडलेला, आणि माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. चेहऱ्यावरून तुम्ही भले दिसता, पण भले दिसणारे मी पुष्कळ पाहिलेत.

नाशिकला गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, वर चढून आलं की जुन्या पेठेत एका संस्थेची इमारत लागते. खाली वाचनालय, वर वस्तुसंग्रहालय. तिथं चौथ्या कपाटात, भुसा भरलेल्या एका तरसाच्या शेजारी मी असतो. त्या तरसाच्या काचेच्या डोळ्यांवरसुद्धा माझी नजर असते.

मी जन्मलो तेव्हा पृथ्वी अजून घडत होती, म्हणजे जन्माचा दाखला मागू नका. माणसांच्या लेखी माझं आयुष्य सुरू झालं ते १९१२ साली, सिन्नरच्या पलीकडच्या एका माळावर, भर दुपारी. मोठा आवाज झाला, बैल दावं तोडून पळाले आणि मी वाळू नावाच्या शेतकऱ्याच्या बाजरीत हातभर खोल रुतलो. खाली येताना हवेने मला असं भाजून काढलं की अंगावर पातळ काळी कातडी चढली. उल्केची खरी ओळख म्हणजे ही कातडी. पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच झालं.

वाळूने मला घोंगडीत गुंडाळून घरी नेलं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मामलेदाराचा शिपाई आला आणि त्याच्या मागोमाग एक गोरा साहेब. साहेब गोड बोलला. म्हणाला, शास्त्राच्या कामासाठी नखाएवढा तुकडा हवा आहे. मी म्हटलं, शास्त्राचं काम आहे, घेऊ दे. त्याने हातोडा काढला आणि माझा तिसरा हिस्सा फोडून ट्रंकेत घातला. तो समुद्रापार गेला, पुन्हा कधी दिसला नाही. नखाएवढा या शब्दावरचा माझा विश्वास तेव्हापासून उडाला.

उरलेला मी पंचवीस वर्षं मामलेदार कचेरीत कागद दाबायला होतो. १९३८ साली एका अधिकाऱ्याने मला या संस्थेला भेट दिलं. तेव्हाच्या गुरुजींनी मला तराजूत घातलं आणि वहीत लिहिलं, ‘क्रमांक २७. उल्कापाषाण. वजन ११२ तोळे.’ बस्स. मग पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही की बाबा तू जिवंत आहेस की मेलास.

बघायला येणारी माणसं मात्र मी चांगली ओळखून आहे. शाळेची मुलं तरसाकडे बघतात. बायका पितळी समयांकडे बघतात. माझ्यापाशी थांबतात ते दोनच प्रकारचे लोक. एक, ज्यांना पुठ्ठ्यावरची पाटी मोठ्याने वाचून दाखवायची असते. आणि दुसरे अंगठ्यावाले. उल्केचा कीस घालून अंगठी केली की शनी आवरतो, असं यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. ते इकडेतिकडे बघतात आणि काचेची फट चाचपतात.

१९९० साली माझ्या कपाटाच्या किल्ल्या देवराम भोयेकडे आल्या. पेठ तालुक्यातल्या एका डोंगरी पाड्यावरचा माणूस. आधी खाली वाचनालयात शिपाई होता, मग वर आला. बोलायचा कमी, चपला दाराबाहेर काढून आत यायचा. मी मनात म्हटलं, हा फारच सोज्वळ दिसतो, याच्यावर लक्ष ठेवायला हवं.

आणि माझा संशय खरा ठरला. निदान मला तसं वाटलं.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, दुपारी जेवायच्या सुट्टीत, देवरामने दार लोटून घेतलं. जिन्याकडे कान दिला. मग माझं कपाट उघडून मला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं आणि पिशवीतून एक बाटली काढली. बाटलीतलं काहीतरी फडक्यावर घेऊन तो मला चोळायला लागला. पाठ, पोट, फुटलेली बाजू, सगळीकडे. चोळता चोळता मला हातात उचलून बघत होता. तासाभराने मला जागेवर ठेवलं, बाटली पिशवीत टाकली आणि दार उघडलं. जसं काही घडलंच नाही.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा मला का चोळतो? माझं वजन हाताला का तोलून बघतो? गिऱ्हाईक आणायच्या आधी माल चमकवतात, तसं तर नाही? आणि सरळ काम असेल तर दार कशाला लोटायचं?

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी पुन्हा. मे संपत आला की दार, बाटली, फडकं. मी दर वर्षी म्हणायचो, यंदा हा मला नेणार. तो न्यायचा नाही. मग मी म्हणायचो, चोर मोठा धीराचा आहे.

एकदा अंगठ्यांचा एक व्यापारी वर आला. देवरामला जिन्याकडे घेऊन म्हणाला, “चिमूटभर कीस काढून दे, कुणाला कळणार आहे?” देवराम म्हणाला, “उतरा खाली. नायतर मी खालच्या सायबांना बोलवतो.” व्यापारी गेला. चांगला वागला ना देवराम? पण मला तेव्हा काय वाटलं ठाऊक आहे? वाटलं, याने दुसऱ्या कुणाला शब्द दिला असणार. एकदा का डोक्यात संशय शिरला की समोरच्याचा चांगुलपणाही पुरावा वाटायला लागतो.

तो व्यापारी जिन्यात देवरामशी बोलत होता, हे झाडलोट करणाऱ्या विमलाबाईंनी पाहिलं होतं. काय बोलला ते त्यांनी ऐकलं नव्हतं.

२००३ साली सिंहस्थ आला. नाशकात पाय ठेवायला जागा नव्हती. संस्थेने वरचं दालन स्वयंसेवकांना उतरायला दिलं. कपाटांवर चादरी टाकल्या, तरसाच्या गळ्यात कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला. कितीतरी अनोळखी माणसं माझ्यापासून चार हातांवर झोपून उठली. किल्ल्या देवरामकडेच होत्या.

सिंहस्थातली गर्दी सरल्यावर, जानेवारीत, डॉक्टर पल्लवी आल्या. पुण्याच्या, दगडांच्या डॉक्टर. जुन्या संग्रहांतले उल्कापाषाण पुन्हा तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, “जुन्या नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही. काही ठिकाणी उल्का म्हणून जपलेली लोखंडाच्या भट्टीतली मळी निघते, काही ठिकाणी नुसता काळा कातळ.” म्हणजे ही माझ्याहून संशयी! मला ती थोडी आवडली, थोडी तिची भीतीही वाटली.

संस्थेचे कार्यवाह महेशराव स्वतः हजर होते. देवरामने मला काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी मला काट्यावर ठेवलं, जुन्या वहीतले तोळे ग्रॅममध्ये करून बघितले आणि भुवया उंचावल्या.

“नऊ ग्रॅम जास्त भरतंय,” त्या म्हणाल्या.

“कमी नाही ना?” महेशरावांनी विचारलं.

“कमी असतं तर समजू शकले असते. दगड वाढत नाही, सर.”

मग लोहचुंबक लावला. चिकटला. पण लोहचुंबक नाशिकच्या काळ्या कातळालाही थोडाफार ओढतो आणि भट्टीच्या मळीलाही, त्यामुळे त्याने काहीच ठरेना. मग त्यांनी कापसाचा बोळा कसल्याशा द्रावणात बुडवून माझ्या पाठीवर घासला. बोळा काळा झाला.

बाईंनी बोळा उजेडात धरला. “हा वरून दिलेला थर आहे. उल्केसारखा काळा दिसावा म्हणून कुणीतरी काहीतरी लावलंय. खाली काय आहे ते आत्ता सांगता येणार नाही.”

महेशरावांनी देवरामकडे बघितलं. त्यांच्या डोक्यात काय हिशोब जुळला ते मला दिसत होतं. सिंहस्थात दालन उघडं, किल्ल्या याच्याकडे, खरी उल्का गेली, जागेवर काळा रंग दिलेला धोंडा आला. त्यांनी विमलाबाईंना बोलावलं. विमलाबाई खोटं बोलणाऱ्या नाहीत. म्हणाल्या, “अंगठ्यावाल्याशी बोलत व्हते जिन्यात, ते मी पाह्यलं. दुसरं मला काय बी ठाव नाय.” तेवढं पुरलं.

मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. चौदा वर्षं मी जे म्हणत होतो तेच आता सगळे म्हणत होते. पण इथं एक घोळ होता. मी तर इथंच होतो! मी बदललेलो नाही, हे मला सोडून कुणाला कळणार? देवरामने मला नेलं नव्हतं. मग तो इतकी वर्षं करत काय होता?

“साहेब, तो तोच हाय,” देवराम म्हणाला. “मी त्याला तेल लावलंय. खुरासणीचं, म्हंजी कारळ्याचं.”

“दगडाला तेल?” महेशराव हसले, पण त्यात हसू नव्हतं. “शेंदूर नाही फासलास?”

“देव म्हणून नाय लावलं. त्यात लोखंड हाय, ते गंजतंय. मी वर आलो तवा त्या अठ्ठावीस नंबरच्या ताटलीत नुसता लाल भुगा व्हता. म्हटलं, याचंबी तेच व्हणार. आमच्याकडं पावसाच्या आधी कोयत्याला, विळ्याला खुरासणीचं तेल चोळत्यात. कोयता पाऊसभर झोपडीत टांगला तरी लाल व्हत नाय. तसंच केलं, दर साली.”

“मग लपून का केलंस? कुणाला विचारलंस?”

“पयल्या साली मागच्या सायबांना इचारलं व्हतं. ते आसंच हासले, तुमच्यासारखे.”

अठ्ठावीस नंबर माझा शेजारी. अस्सल लोखंडी उल्का, माझ्याहून रुबाबदार. इथल्या दमट हवेत त्याला आधी ठिपके आले, मग पापुद्रे सुटले, मग तो ताटलीत सांडत गेला. मी हे सगळं शेजारून पाहिलं होतं. आणि माझ्या अंगावर तेरा-चौदा पावसाळ्यांत गंजाचा एक ठिपका का आला नाही, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी त्या वेळी दाराकडे आणि बाटलीकडे बघत होतो.

महेशरावांना काही पटलं नाही. त्यांनी देवरामला तिथंच बसवून ठेवलं आणि थोड्या वेळाने खालून एक कागद आणून पुढे केला. माझ्या ताब्यात असताना नमुना बदलला गेला, याची जबाबदारी मी घेतो, असं त्यावर टाइप केलेलं होतं. “सही कर,” ते म्हणाले. “पोलिसांत जात नाही. तुझी मेअखेर निवृत्ती आहे, ती आजच घे. गुपचूप जा.”

देवरामने कागद शेवटपर्यंत वाचला. त्याला वाचायला येत होतं, वाचनालयात उभी हयात गेली होती. तो एकच म्हणाला, “पाड्यावर सांगू काय? चोर म्हणून काढला म्हणून?”

पल्लवीबाई इतका वेळ त्या काळ्या बोळ्याचा वास घेत होत्या. त्या पुढे आल्या. “सर, सही नंतर घ्या. एक पातळ चकती कापली तर दोन्ही गोष्टी कळतील. दगड खरा आहे का, आणि वरचा थर काय आहे. फार नाही, नखाएवढी.”

नखाएवढी! एरवी मला तो साहेब आणि त्याची ट्रंक आठवली असती. पण त्या दिवशी मी मनातल्या मनात ओरडत होतो, काप बाई, काप! पाहिजे तर अर्धा काप, पण या माणसाला सोडव. दगडाला तोंड नसतं याचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

महेशराव नको म्हणाले. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, देवरामही नको म्हणाला.

“मला द्या तो कागद,” तो म्हणाला. “सही करतो. त्याला कापू नगा. माझ्या ताब्यात आला तसा अख्खा परत देणार, असं म्या ठरवलं व्हतं. माझ्यापायी त्याच्या अंगाला करवत कशाला?”

बाईंनी मग मुख्य प्रश्न विचारला, “काका, तुमच्यानंतर इथं कुणी त्याला तेल लावणार आहे?”

देवरामने कागदासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

“हा खोटा ठरला तर याला अडगळीत टाकतील, दमट जागी. दोन पावसाळ्यांत तुमच्या अठ्ठाविसासारखं होईल त्याचं. खरा आहे हे सिद्ध झालं तर मी त्याची कोरड्या हवेची सोय करून घेते. कुठं कापायचं ते तुम्ही दाखवा. तुम्ही सांगाल त्याच्यापुढे करवत जाणार नाही.”

महेशरावांना बाईंनी काय सांगून गप्प केलं ते मला कळलं नाही. ते बोलणं बाहेर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवराम मला मांडीवर घेऊन रिक्षात बसला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दगड कापायचं यंत्र होतं. चकचकीत पात्याची करवत आणि तिच्यापुढे लोखंडी शिकंजा.

देवरामने पेन्सिलीने माझ्या फुटलेल्या बाजूच्या कडेला, काळी कातडी सुरू होते तिथं, रेघ मारली. साहेबाने हातोडा घातला होता तिथंच, म्हणजे नवी जखम नको. शिकंज्याच्या दोन्ही जबड्यांना त्याने आपलं फडकं गुंडाळलं, मला मध्ये ठेवलं आणि स्वतः आवळलं.

“वरून पाणी नका सोडू म्याडम,” तो म्हणाला, “पाण्यानं गंजंल.”

“पाणी नाही काका. स्पिरिट वापरते.”

पातं फिरलं. दुखलं का? दुखलं. पण शिकंज्याच्या दांड्यावर देवरामचा हात होता, आणि तो हात काढत नव्हता.

चकती घासून काचेसारखी पातळ करायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस देवराम रोज कामावर आला आणि रोज त्याला किल्ल्यांशिवाय बाकावर बसवून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सगळं कळलं होतं. एरवी त्याच्या डब्यातली भाजी चाखणारे लिपिक दुसऱ्या टेबलावर जेवायला लागले. विमलाबाई फक्त त्याच्या शेजारी बसायच्या आणि म्हणायच्या, “माज्या तोंडाला आग लागो.” देवराम म्हणायचा, “पाह्यलं ते सांगितलं. तुमचं काय चुकलं त्यात?”

नवव्या दिवशी बाई सूक्ष्मदर्शक घेऊनच आल्या. महेशरावांना त्यांनी आधी बघायला लावलं. माझ्या आत बाजरीच्या दाण्यांसारखे गोल गोल कण आहेत आणि त्यांच्यामध्ये धातूचे ठिपके. असे गोल दाणे पृथ्वीवरच्या दगडात होत नाहीत. मी खरा. मग त्यांनी चकतीची कड दाखवली. सर्वांत आत माझी जुनी भाजलेली कातडी, जशीच्या तशी. तिच्यावर बारीक रेघा, एक पिवळट, एक मळकट. एका साली तेल, मग वर्षभराची धूळ, पुन्हा तेल.

“मोजा सर,” त्या म्हणाल्या.

महेशरावांनी मोजलं. पुन्हा मोजलं. तेरा भरल्या, चौदावी पुसट होती.

“नऊ ग्रॅम हेच,” बाई म्हणाल्या. “सिंहस्थातला हा थर नाही, १९९० पासूनचा आहे.”

देवरामने वाकून सूक्ष्मदर्शकात बघितलं. बराच वेळ बघितलं. वर मान केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते, पण तो बोलला ते वेगळंच. “आतून लय सुंदर हाय की वो.”

दोन दिवसांनी त्याला पत्र मिळालं. चौकशीत आक्षेपार्ह काही आढळले नाही, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे. चुकलो, हा शब्द त्यात नव्हता. पल्लवीबाईंनी अहवालात लिहिलं की वनस्पती तेलाच्या थरामुळे नमुना टिकला, पण शास्त्रीय तपासणीला तो थर अडचणीचा असल्याने यापुढे तेल लावू नये. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. मग मला हवाबंद काचेची पेटी आली, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि मोज्यांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम.

मेअखेर देवरामला शाल-श्रीफळ दिलं. भाषणं झाली. नंतर तो वर आला. पेटीची किल्ली आता त्याच्याकडे नव्हती. तो काचेपुढे उभा राहिला, हात मागे बांधून, पाहुण्यांनी उभं राहावं तसा. “जातो रं बाबा,” म्हणाला, आणि दारातल्या चपला पायात घालून जिना उतरला.

त्याला आता पाच वर्षं झाली. पेटी चांगली आहे, मला तक्रार नाही. माझ्यासमोरच्या पाटीवर माझं नाव आहे, कुठल्या प्रयोगशाळेने तपासलं ते आहे. देवरामचं नाव नाही. महेशरावांनी त्याच्यावर अकरा-बारा दिवस संशय घेतला, म्हणून मला त्यांची चीड येते. पण मी चौदा वर्षं घेतला. त्याच्या मांडीवर बसून, त्याच्या हाताखाली, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. पेठच्या बाजूला कधी एसटीने गेलात तर भोयांचा देवराम कुठल्या पाड्यावर असतो ते विचारा. तो अजून असेल. त्याला सांगा, सत्तावीस नंबर तुला पहिल्या दिवसापासून चोर समजत होता. असंच सांगा, गोड करून सांगू नका. ऐकून घेतल्यावर तो काय म्हणतो ते मला इथं येऊन सांगा. शिवी दिली तर तीही सांगा.